शेजारच्या आजोबांचं ४९६ बिग ब्लॉक इंजिन विकायचंय. किंमत कशी काढायची? आणि मी स्वतः घेतलं तर चालेल का?

उद्यमनगर_ॲक्रन
१९ सप्टेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा. गेली नऊ वर्षं ओहायोत, ॲक्रनजवळ राहतो. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे लोखंडाच्या किसाचा वास मला घरचा वाटतो. इथे शेजारी एक आजोबा राहायचे. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची, म्हणून इथेही तसंच लिहितो. चाळीस वर्षं ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ ट्रॅकवर पाव मैलाच्या शर्यती, केलेला माणूस. एप्रिलमध्ये ते गेले.

त्यांची नोव्हा गाडी जूनमध्ये जावयाने विकली, इंजिन आणि गिअरबॉक्स काढून, नुसती रोलर, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, म्हणून. गॅरेजमध्ये आता स्टँडवर एक ४९६ घनइंचाचं शेव्हरोले बिग ब्लॉक आहे. एक उघडा ४५४ ब्लॉक, एक पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, दोन होली कार्बोरेटर, स्लिक (बिननक्षीच्या, शर्यतीच्या) टायरचे दोन सेट, सीटबेल्ट, हेल्मेट, आणि जेट, प्लग, रॉकर, पुशरॉडनी भरलेले चार ड्रॉवर.

गेल्या शनिवारी एक माणूस आला. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, सगळ्याचे मिळून ३,५०० डॉलर, उद्या रोख घेऊन येतो. आजींनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "तू त्यांच्याबरोबर बसायचास, तूच सांग."

आता खरं सांगतो. माझ्याकडे १९८२ ची मलिबू गाडी आहे, तिच्यात थकलेलं ३५० घनइंचाचं इंजिन आहे. नॉरवॉकच्या ट्रॅकवर पाव मैल १३.२ सेकंदात जाते. आजोबांच्या त्या इंजिनावर माझा चार वर्षं डोळा आहे. याच इंजिनावर त्यांनी मला व्हॉल्व्हचं लॅश, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, लावायला शिकवलं. गरम असताना २० थाऊ, म्हणजे इंचाचे वीस सहस्रांश. थंड इंजिनावर २० लावलंस तर गरम झाल्यावर वाढेल, कारण ॲल्युमिनियमचं हेड फुगतं, हे ते दर वेळी सांगायचे, मला पाठ झालेलं असलं तरी.

तर, योग्य किंमत कशी काढायची? इंजिन चांगलं आहे हे न उघडता कसं तपासायचं? आणि मी घेतलं तर आजींवर अन्याय होईल का? तिसरा प्रश्न मला झोपू देत नाही.

---

डायलइन_ताई
२० सप्टेंबर, सकाळी ६.४५

दादा, आधी त्या ३,५०० वाल्याला स्पष्ट नाही कळवा. आजच. असे लोक मृत्यूची बातमी वाचून येतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या ट्रॅकवरच्या एका कुटुंबाचं असंच झालं, हेडच्या एका जोडीच्या पैशात अख्खं गॅरेज गेलं.

मी मिशिगनमध्ये असते, यूएस १३१ ट्रॅकवर ब्रॅकेट रेस (आपली वेळ आधी सांगून धावायची शर्यत) करते. अकरावा सीझन चालू आहे. इंजिन उघडण्यातलं मला तुमच्यापेक्षा कमी कळत असेल, पण विकत घेताना माणूस काय बघतो ते माहिती आहे. मी आधी स्लिप मागते. टाइम स्लिप, म्हणजे ट्रॅकवर प्रत्येक धावेनंतर मिळणारी वेळ-वेगाची चिठ्ठी. विकणारा सांगतो "सहाशे हॉर्सपॉवर", आणि स्लिप खरं बोलते.

हिशोब सोपा आहे. पाव मैलाच्या शेवटचा वेग, मैलात, २३४ ने भागायचा. जो आकडा येईल त्याचा घन करायचा आणि ड्रायव्हरसकट गाडीच्या पौंडातल्या वजनाने गुणायचं. मागच्या वर्षी एकाने मला ६०० हॉर्सपॉवरचं म्हणून स्मॉल ब्लॉक दाखवलं. त्याची गाडी ३,२०० पौंडांची, स्लिपवर ११८ मैल. हिशोब केला तर जेमतेम ४१० आले. सहाशे असते तर ती गाडी १३४ च्या आसपास जायला हवी होती. मी हात जोडून परत आले.

सेकंदांवरून हा हिशोब करू नका. सुटताना टायर घसरले की सेकंद बिघडतात, शेवटचा वेग तेवढा बिघडत नाही.

आजोबांच्या स्लिपा आहेत का? चाळीस वर्षं रेस करणारा माणूस स्लिप फेकत नाही. वही पण असेल. वही सापडली तर ती इंजिनाइतकीच जपा.

अजून एक. सीटबेल्ट विकू नका. त्यांच्यावर तारखेचं लेबल असतं आणि एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) दोन वर्षांपलीकडचे बेल्ट तपासणीत पास करत नाही. हेल्मेटच्या आत अस्तराखाली स्नेलचं (हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचं) लेबल असेल, ते बघा. एसए २००५ वगैरे असेल तर ते शर्यतीच्या कामाचं नाही. कुणा नवख्या पोराने स्वस्त मिळालं म्हणून डोक्यात घातलं तर? आजींना आठवण म्हणून ठेवायचं असेल तर ठेवू द्या.

तिसऱ्या प्रश्नाचं सांगते. घेणारे तुम्ही असाल तर किंमत सांगणारे तुम्ही नसावं. दोन्ही टोप्या एका डोक्यावर बसत नाहीत. आजींना आधी तोंडावर सांगा, "मलाही हे हवंय." मग किंमत तिसऱ्याकडून काढून घ्या.

---

पुणे३०_टेक्सास
२० सप्टेंबर, दुपारी १.१०

अख्खं इंजिन विकूच नका. सुटे करा. हेड वेगळे, कार्बोरेटर वेगळे, क्रँक-रॉड वेगळे. सुट्या मालाचे नेहमी जास्त येतात. अख्खं इंजिन घेणारा "आत काय आहे कुणास ठाऊक" म्हणून पाडून मागतो.

ऑनलाइन टाकलंत तर एक सांभाळा. जास्त रकमेचा चेक पाठवून "उरलेले पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला द्या" म्हणणारा भेटला की तिथेच सोडा. चेक आठवड्याने खोटा निघतो आणि दिलेले पैसे गेलेले असतात. माल घरी येऊन बघणाऱ्यालाच द्या.

---

होनिंगवाले_काका
२० सप्टेंबर, रात्री ९.३०

उद्यमनगरचं नाव वाचलं आणि थांबलो. मी सांगलीचा. तीस वर्षं इंडियानात मशीन शॉपमध्ये काम केलं. सिलिंडर बोअर करणं आणि होनिंग हेच माझं आयुष्य. ताईंनी बेल्टचं आणि टोप्यांचं जे लिहिलंय त्याला माझा पूर्ण दुजोरा.

टेक्सासवाल्यांशी मात्र मी सहमत नाही. सुटं करायला इंजिन उघडावं लागतं. स्टँडवर, घरच्या गॅरेजमध्ये, मोजमापाशिवाय उघडलेलं इंजिन म्हणजे नुसती भांडी. जुळवून, बॅलन्स करून बांधलेल्या इंजिनाची किंमत त्या जुळणीत असते. उघडलंत की ती गेली.

आता ४९६. ४५४ ब्लॉकमध्ये हा आकडा कारखान्यातून येत नाही. ४५४ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.२५ इंच असतो, तो ६० थाऊ वाढवून ४.३१ केला आणि ४ इंचाच्या स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली चालीच्या) जागी ४.२५ चा क्रँक घातला की ४९६ होतं. म्हणजे हा ब्लॉक कारखान्याचा असेल तर आधीच ६० थाऊ खाल्लेला आहे, दीड मिलिमीटर. पुढच्या वेळी याला बोअर करायला भिंत उरलेली नसणार, स्लीव्ह घालायची किंवा ब्लॉक बदलायचा. घेणाऱ्याला हे सांगावं लागेल आणि किंमतही त्यावर ठरेल. बांधणीच्या पावतीत सॉनिक टेस्टचा कागद असेल तर शोधा, त्यावर प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी लिहिलेली असते. तो कागद असेल तर ग्राहकाचा अर्धा संशय मिटतो. दुसरा उघडा ब्लॉक मात्र मूळ बोअरचा असेल तर त्याला कमी लेखू नका. न कापलेला ४५४ ब्लॉक दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललाय.

न उघडता तपासायचं ते असं. इंजिन किती महिने बंद आहे? वर्षाच्या वर असेल तर सुके फिरवू नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडा, रात्रभर थांबा. सकाळी क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांडा लावून हाताने फिरवा. कुठे अडकतंय का ते हाताला कळेल, लेथवर वाढलेल्या हाताला तर नक्कीच.

मग लीकडाउन. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते गेजवर वाचायचं. पिस्टन बरोबर टोकावर नसेल तर हवा क्रँक फिरवते आणि दांडा उलटा येतो, म्हणून दांडा घट्ट धरा आणि चेहरा दूर ठेवा. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. थंड इंजिनावर थोडं जास्त दाखवतं. हवा कुठून येतेय ते कान लावून ऐका. कार्बोरेटरच्या तोंडातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टच्या भोकातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

ऑइल फिल्टर काढून कापा, कागद उलगडून उन्हात धरा. दोन-चार कण चालतात. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा दिसू लागलाय.

व्हॉल्व्ह स्प्रिंगा रोलर कॅमच्या असतील तर त्यांना जीव असतो. किती धावांनंतर बदलल्या ते वहीतच मिळेल. आणि एवढे महिने काही व्हॉल्व्ह उघडे, स्प्रिंगा दाबलेल्या राहिल्या असतील. तपासून झाल्यावर रॉकर सैल करून ठेवा.

एक प्रश्न राहिलाच, सगळ्यात महत्त्वाचा. फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला लागणारी दातेरी थाळी, कुठाय? इंजिन स्टँडला मागून बसवायचं तर फ्लेक्सप्लेट काढावीच लागते. क्रँकच्या पुढच्या टोकावरचा बॅलन्सर बघा. त्यात एका बाजूला जाड चंद्रकोर आणि दुसऱ्या बाजूला पोकळी दिसली तर हे इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं आहे. मग बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेट हे दोन्ही त्या क्रँकचेच अवयव. बाजारातली दुसरी प्लेट बसेल, पण ज्या प्लेटसकट हा क्रँक मशीनवर फिरवून ग्रॅम ग्रॅम जुळवला ती हीच.

---

उद्यमनगर_ॲक्रन
२१ सप्टेंबर, रात्री १२.०५

काका, तुमचं वाचून सरळ टॉर्च घेऊन शेजारी गेलो. आजी जाग्याच होत्या. बॅलन्सरला चंद्रकोर आहे, जाड, स्पष्ट. आणि फ्लेक्सप्लेट गॅरेजमध्ये नाही.

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दात असलेली गोल थाळी का? ती त्या शनिवारच्या माणसाने जाताना मागितली. म्हणाला भंगार आहे, वीस डॉलर देतो. एका खोक्यात बोल्ट होते, तेही घेऊन गेला."

मी त्यांना काहीच बोललो नाही. त्यांची चूक नाहीच. पण तो माणूस जाणून होता. इंजिनापासून प्लेट वेगळी केली की दुसरा गिऱ्हाईक पाडून मागणार आणि शेवटी इंजिन त्याच्याकडेच येणार. काका, आता काय करू?

---

होनिंगवाले_काका
२१ सप्टेंबर, पहाटे ५.४०

त्याचा फोन नंबर असेल तर आजींनीच फोन करावा, तुम्ही नाही. त्यांनी एवढंच सांगावं, इंजिन प्लेटसकट विकलं जाणार आहे, वीस डॉलर परत घ्या आणि प्लेट आणून द्या. भांडू नका. नाहीच दिली तर इंजिन मेलेलं नाही. पण तो बॅलन्सर, एक रॉड-पिस्टन आणि क्रँक घेऊन शॉपमध्ये नव्या प्लेटबरोबर पुन्हा जुळवावं लागेल, म्हणजे इंजिन उघडणं आलंच. तो खर्च किमतीतून जाईल.

---

डायलइन_ताई
२१ सप्टेंबर, सकाळी ७.१५

मला वाचून संताप आला. दादा, त्याचं नाव इथे लिहू नका, पण आजींच्या फोननंतर काय झालं ते कळवा. वही सापडली का?

---

उद्यमनगर_ॲक्रन
२८ सप्टेंबर, रात्री १०.५०

आठवडाभर लिहिलं नाही, सगळं एकदम सांगतो.

आजींनी रविवारी फोन केला. मी समोर बसलो होतो. त्या अगदी शांतपणे बोलल्या, "माझ्या नवऱ्याने ती थाळी इंजिनासाठी करून घेतली होती, मला ती परत हवी आहे." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मंगळवारी संध्याकाळी प्लेट आमच्या दाराशी ठेवलेली मिळाली, खोक्यासकट. माणूस भेटला नाही. वीस डॉलर आजींनी पाकिटात घालून पोस्टाने पाठवले. प्लेटच्या एका बाजूला वजनाचा तुकडा वेल्ड केलेला आहे आणि शेजारी ड्रिलची तीन भोकं. काका, ही तुमची ग्रॅम ग्रॅमची जुळणी ना? प्लेट आणि बॅलन्सर मी तारेने एकत्र बांधून त्यावर चिठ्ठी लावली, "वेगळं करू नये".

वही सापडली. तीन वह्या. हिरवी पुठ्ठ्याची, मग काळी, मग परत हिरवी. प्रत्येक धावेला एक ओळ. तारीख, ट्रॅक, हवेचं तापमान, आर्द्रता, वायुदाब, डायल-इन (आधी जाहीर केलेली वेळ), रिॲक्शन, पहिले साठ फूट, आठवा मैल, पाव मैल, वेग. शेवटच्या रकान्यात कधी कधी एखादाच शब्द. "वारा." "झोप नाही." एका ऑगस्टच्या ओळीत आजींचं नाव आणि "वाढदिवस विसरलो". ती ओळ मी आजींना दाखवली नाही, मग वाटलं दाखवायला हवी, आणि दाखवली. बराच वेळ त्यांनी वही मिटली नाही.

शेवटची बांधणी झाल्यापासून २१२ धावा. स्प्रिंगा शेवटच्या ६४ धावा आधी बदललेल्या. नोव्हा आजोबांसकट ३,१५० पौंड, हे वजनकाट्याच्या चिठ्ठीसह लिहिलेलं. चांगल्या हवेतली त्यांची सर्वात चांगली धाव १०.४२ सेकंद, १३०.८ मैल. ताई, तुमचा हिशोब केला, ५५० येतात. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या) कागदावर ६३१ लिहिलंय. एवढा फरक का? आजोबा आकडा फुगवणारे नव्हते.

लीकडाउन केलं. सात सिलिंडर ५ ते ९ टक्क्यांच्या मध्ये. सहावं ३१ टक्के. एक्झॉस्टच्या भोकातून फुसफुस स्पष्ट ऐकू येते. माझ्या पोटात गोळा आला. आता हे इंजिन खराब म्हणून विकायचं का?

---

होनिंगवाले_काका
२९ सप्टेंबर, सकाळी ६.१०

घाबरू नका. हवा एक्झॉस्टमधून येते म्हणजे रिंगा शाबूत आहेत. ते सिलिंडर बंद पडलं तेव्हा बहुतेक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, सीटवर गंज किंवा कार्बनचा कण बसला. हवा चालू ठेवा, रॉकर सैल करा आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या वरच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलके दोन-चार टोले द्या. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बसेल, कण उडून जाईल. परत मोजा. तरीही २० च्या वर राहिलं तर हेड काढून सीटला ग्राइंडिंग करावं लागेल, आणि तसं जाहिरातीत लिहा.

डायनोचं. कागदाच्या कोपऱ्यात करेक्शन बघा, म्हणजे कोणत्या प्रमाण हवेला धरून आकडा काढलाय ते. एसटीडी लिहिलं असेल तर तो हिशोब ६० अंश फॅरेनहाइट आणि कोरड्या हवेचा. एसएई असेल तर ७७ अंशांचा. एकच इंजिन एसटीडीवर साधारण ४ टक्के जास्त दाखवतं. म्हणजे ६३१ चे ६०६ झाले. उरलेले कन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलने खाल्ले, आणि डायनोवर इंजिन मोकळं श्वास घेतं तसं बॉनेटखाली घेत नाही. आजोबा खोटं बोलले नाहीत. कागद आणि स्लिप एकमेकांना धरून आहेत. जाहिरातीत दोन्ही टाका.

आता मलिबूचं. तुम्ही न विचारलेलं सांगतो, रागवू नका. त्या गाडीत कारखान्याचा साडेसात इंची मागचा ॲक्सल आहे. हे इंजिन स्लिक टायरवर त्याला एका सीझनमध्ये तोडेल, कदाचित पहिल्याच दिवशी. तुमची गाडी या इंजिनाने पाव मैलाला ११.४९ सेकंदांच्या खाली जाणार, म्हणजे नियमाने रोल बार आला. ॲक्सल, रोल बार, ड्राइव्हशाफ्ट, रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, कारण लोखंडी बिग ब्लॉक तुमच्या ३५० पेक्षा बराच जड. इंजिनाचे पैसे जमवलेत तर गाडीचे उरणार नाहीत, आणि इंजिन परत एका स्टँडवरच बसेल, फक्त तुमच्या गॅरेजमध्ये.

---

पुणे३०_टेक्सास
२९ सप्टेंबर, सकाळी ११.००

वह्या आहेत म्हटल्यावर मी माझं म्हणणं मागे घेतो. २१२ धावांची नोंद असलेलं इंजिन सुटं करणं पाप आहे.

---

उद्यमनगर_ॲक्रन
१९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सहावं सिलिंडर तिसऱ्या टोल्याला ८ टक्क्यांवर आलं. काका, मी अक्षरशः गॅरेजमध्ये उडी मारली. टोले मारले हेही जाहिरातीत लिहिलं.

मलिबूबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून दोन दिवस गप्प होतो. मग आजींना सांगितलं की मला हे इंजिन चार वर्षं हवं होतं, पण माझी गाडी त्याला पेलणारी नाही आणि म्हणून मी घेणार नाही, त्यामुळे आता मी तुमच्या बाजूने किंमत सांगू शकतो. त्या म्हणाल्या, "ते मला माहिती होतं. ते मला म्हणायचे, हा पोरगा त्या इंजिनाकडे बघताना चहा थंड करतो."

तरीही किंमत मी एकट्याने ठरवली नाही. इथल्या एका मशीन शॉपवाल्याला घरी बोलावलं, त्याला वेळेचे पैसे दिले, त्याने पॅन काढून रॉड बघितले. स्टीलचे एच-बीम आहेत, ॲल्युमिनियमचे नाहीत, म्हणजे धावा मोजून फेकून द्यायची गरज नाही. त्याने कागदावर ७,००० ते ७,८०० लिहून सही केली. बांधणीच्या पावत्या जोडल्या तर आजोबांनी यात याच्या जवळजवळ दुप्पट घातलेत, पण मजुरी आणि मशीनचं काम परत मिळत नाही हे तो म्हणाला आणि आजींनाही पटलं.

जाहिरात ७,५०० ला टाकली. फोटोत बॅलन्सर, प्लेट, फिल्टरचा उलगडलेला कागद, लीकडाउनचे आठही आकडे, सॉनिक टेस्ट, वजनकाट्याची चिठ्ठी. ६० थाऊ वाढवलेला बोअर आणि पुन्हा वाढवता येणार नाही हे पहिल्याच ओळीत. शेजाऱ्याने लिहिलंय तसं वाटू नये म्हणून आजींनी ती दोनदा वाचली आणि एक वाक्य स्वतः घातलं, "मिथेनॉल कधीच वापरलं नाही, फक्त रेसचं पेट्रोल." हे त्यांना माहिती होतं, मला नव्हतं. पेट्रोलचे डबे त्याच आणायच्या.

चार लोक येऊन बघून गेले. एकाने ४,००० मागितलं, आजींनी दार दाखवलं. शेवटी नॉरवॉकला ब्रॅकेट खेळणारे एक काका आणि त्यांची लेक आले. लेक सतरा वर्षांपर्यंत ज्युनिअर ड्रॅगस्टर चालवायची, आता वडिलांची जुनी कॅमेरो तिला मिळणार आहे. तिने सगळ्यात आधी वही मागितली. इंजिन नंतर बघितलं. एका पानावर बोट ठेवून विचारलं, "इथे ८४ अंशाला त्यांनी डायल-इन सहा शतांशाने वाढवलंय, पण वारा पाठीमागून होता, मग कमी का नाही केलं?" मला उत्तर देता आलं नाही. आजी म्हणाल्या, "कारण त्या दिवशी ते घाबरले होते." तिने हसून मान डोलावली.

७,२०० ला दिलं. मूळ वह्या आजींकडे राहिल्या. रात्री दोनपर्यंत जागून मी तिन्ही वह्यांची पानं फोटो काढून त्या मुलीला दिली, ती ओळ सोडून. गाडीत इंजिन चढवताना स्टँडवरून काढलं, प्लेट तिथेच माझ्या समोर क्रँकला लावली आणि सहाही बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. मग पॅलेटवर पट्ट्यांनी बांधलं. प्लेट आता वेगळी कुठे जाणार नाही.

उघडा ४५४ ब्लॉक मूळ बोअरचाच निघाला काका, तुम्ही म्हणालात तसं. त्यालाही दोघं विचारतायत. स्लिकचा एक सेट दगडासारखा कडक झालाय, तो टाकून दिला. बेल्ट मी कात्रीने कापले, कुणी कचऱ्यातून उचलू नये म्हणून. हेल्मेट आजींच्या कपाटावर आहे.

राहिली पॉवरग्लाइड. ती मात्र मी आजींकडून घेतोय, शॉपवाल्याने लिहिलेल्या किमतीला, एक डॉलरही कमी न करता. माझ्या ३५० ला ती चालेल असं तोच म्हणाला. पण आत ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी रेषेवर धरून ठेवणारा ब्रेक) कुणाचा आहे ते बाहेरून कळत नाही आणि वहीत नुसतं "ब्रेक बदलला" एवढंच आहे. उद्या पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडीचे फोटो टाकतो. काका, जरा बघाल का?